फोटोवरून वाचलेलं डोकं

डब्लिन, ओहायो
१० ऑगस्ट २०२५

ती. नाना,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे उघडलंत, त्याबद्दल आधी नमस्कार. पत्र तुमच्या हातातच दे, वाचून दाखवू नकोस, असं मी प्रसादला बजावलं आहे.

कामाचं आधी सांगतो. पौषात देवीच्या यात्रेला गावी यायचं म्हणतो आहोत. मी, सुनेत्रा आणि उर्वी. उर्वी आता सहा वर्षांची झाली. आपल्या घरातलं प्रत्येक मूल थोरल्या माणसानं हात धरून देवीपुढे नेलं, कपाळाला भंडारा लावला आणि देवीला त्याचं नाव सांगितलं. तिथून पुढे ते मूल घरचं. माझं नाव तुम्ही सांगितलंत, कारण तुमचे थोरले भाऊ, माझे वडील, तोवर गेले होते. स्वतःच्या मुलाचं, प्रसादचं सांगितलंत, त्याच्या मुलांचीही सांगितलीत. उर्वीचं राहिलं आहे. ते तुम्ही सांगावं, एवढंच मागणं आहे. प्रसादला विचारलं तर तो म्हणतो, "नाना म्हणतील तसं." म्हणजे सगळं तुमच्यावर आहे.

राहिलं आहे असं लिहिलं, पण ते आपोआप राहिलेलं नाही. आम्ही तिला संस्थेतून घरी आणलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. मी प्रसादच्या फोनवर फोटो पाठवले. एक पुढून, आणि एक सुनेत्रा तिचे केस विंचरत होती तेव्हाचा, मागून. त्या मागच्या फोटोवर तुम्ही तुमची मस्तकविद्या चालवलीत. म्हणालात, मागचा भाग सपाट आहे. तिथे मायेचं घर असतं. ते हिला नाही. ही कुणाला जीव लावणार नाही, असलं डोकं देवीपुढे आणू नकोस. प्रसादनं फोन स्पीकरवर ठेवला होता. इकडे माझ्याही फोनचा स्पीकर चालू होता आणि सुनेत्रा शेजारी बसली होती.

त्यानंतर माझ्याकडून फोन झाला नाही. कामाचा व्याप होता. राग म्हणाल तर तसा काही नाही.

(सुनेत्रा खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, "राग नाही म्हणे! मग चार वर्षं देवापुढे बसून पुटपुटतोस काय?")

तुमच्या विद्येला खोटं म्हणायला माझी जीभ सहजी वळत नाही, हेही खरं. ते कव्हर गेलेलं पुस्तक मला अजून दिसतं. आत माणसाच्या डोक्याचं चित्र, त्यावर शेताचे बांध घालावेत तसे कप्पे पाडलेले, आणि प्रत्येक कप्प्यात बारीक अक्षरात राग, लोभ, भक्ती, हिशेब. शाळा उघडली की तुम्ही प्रत्येक पोराच्या डोक्यावरून बोटं फिरवायचात. माझ्या कपाळाच्या कडेला अंगठा टेकवून तुम्ही सगळ्या वर्गाला सांगितलंत, "इथे गणित आहे." त्या अंगठ्याच्या जोरावर मी पुण्याला गेलो आणि तिथून इथे आलो. आज एका कंपनीत इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं काम करतो. देवाच्या कृपेनं बरं चाललं आहे.

म्हणून भांडायला लिहीत नाही. विचारायला लिहितो आहे. न्याल ना तिला?

तुमचा
विशू


डब्लिन
७ सप्टेंबर

ती. नाना,

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो, असं मी धरून चाललो आहे.

इथे मंडळाचा गणपती झाला. शाळेचा हॉल भाड्यानं घेतात, सगळे आपापल्या घरून काही ना काही करून आणतात. उर्वीनं आरतीच्या वेळी टाळ धरले होते. बोलत मात्र कुणाशी नाही. नाना, तिला बोलायला उशीर लागला हे तुम्हाला प्रसादकडून कळलं असेलच. साडेतीन वर्षांची होईपर्यंत शब्द नव्हता. आता घरात खूप बोलते, सुनेत्राशी मराठीत भांडते सुद्धा. पण परकं माणूस दिसलं की ओठ मिटतात. शाळेत तिला शिकवायला डोना नावाच्या बाई येतात. त्यांनी सांगितलंय, जबरदस्ती करू नका, तिची ती बोलेल. मी रोज सकाळी पूजेला बसलो की ती शेजारी येऊन बसते आणि फुलं देते. तेव्हाही कधी बोलते, कधी नाही. मला चालतं. देवही काही बोलत नाही.

गणपतीत सुमित्राकाकू भेटल्या. मूळच्या नागपूरच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. आयुष्य इथेच गेलं, आता निवृत्त आहेत. सुनेत्रानं उर्वीच्या दोन वेण्या घातल्या होत्या. काकूंनी मागून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"काय रे, पोरगी लहानपणी पाळण्यातच पडून असायची का?"

"संस्थेत मुलं फार, सांभाळणाऱ्या बाया थोड्या. तुम्हाला कसं कळलं?"

"मागून दिसतं ना. पाठीवर पडून पडून डोकं चपटं होतं. इथल्या गोऱ्या बाळांची बघ. इथे डॉक्टरच सांगतात, बाळाला पाठीवरच झोपवा. कितीतरी पोरांची डोकी अशी असतात. केस वाढले की कुणाला पत्ता नाही लागत."

मग मी त्यांना तुमचं सांगितलं. सांगणार नव्हतो, पण सांगितलं. त्यांनी मोदक खाता खाता ऐकून घेतलं.

"तुमच्या घरात सगळ्यांची डोकी गोल?"

"एकजात."

"मोहरीची उशी होती?"

"होती. सगळ्या बाळांना तीच."

"आणि आजी टाळू भरायची? दोन्ही तळव्यांत डोकं धरून गोल करायची?"

"रोज. तेल जिरेपर्यंत."

"मग तुझ्या काकांनी इतकी वर्षं वाचलं काय, बाबा? स्वतःच्या आईचा हात वाचला!" एवढं बोलून त्या इतक्या हसल्या की मोदकाचं सारण साडीवर सांडलं.

मी हसलो नाही. गाडी चालवत घरी येताना तेच मनात घोळत होतं. नाना, आपल्या वर्गात ज्यांची डोकी तुम्ही कोरी म्हणायचात, ती पोरं कुणाची होती ते आठवा. ज्यांच्या आया रोजंदारीला जायच्या त्यांची. त्यांची बाळं बांधावर, झाडाच्या सावलीत, फडक्यावर दिवसभर उताणी पडलेली असायची. त्यांना मोहरीची उशी कोण देणार, आणि टाळू भरायला वेळ कुणाला होता? तुम्ही त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांची अक्कल सांगत होतात. हाताला लागत होती ती त्यांच्या आईची मजुरी.

हे लिहिलं ते खोडणार होतो. सुनेत्रा म्हणाली, राहू दे.

देवीला माझा नमस्कार सांगा.

विशू


डब्लिन
१२ ऑक्टोबर

ती. नाना,

आज जे झालं ते तुम्हाला लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

इथून तासाभराच्या अंतरावर एका लहान गावात त्यांचं स्वतःचं म्युझियम आहे. आपल्याकडच्या चावडीएवढं असेल. पानं पिकायच्या दिवसांत तिथे जत्रा भरते. भोपळे, सफरचंदाचा गरम रस, घोड्याच्या गाडीतून फेरी. आम्ही सहज गेलो. आत पाऊल टाकलं तर समोर टेबलावर तुमच्या पुस्तकातलं डोकं! पांढरं, चिनीमातीचं, त्यावर तसेच बांध आणि तसेच कप्पे. मला घाम फुटला, नाना. शाळेच्या पहिल्या दिवशी फुटायचा तसा.

टेबलामागे काळा लांब कोट घातलेला एक म्हातारा होता, मिस्टर वॉल्टर. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. हातात डोकं मोजायचा पितळी चिमटा. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. ही विद्या निघाली युरोपात, पण पीक आलं ते अमेरिकेत. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी डोकी वाचणारे गावोगाव फिरायचे, हॉल भरून लोक यायचे. नोकरीला ठेवायचं तर डोकं वाचून आण म्हणायचे, लग्न जुळवायचं तर दोघांची डोकी वाचायचे. मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, याच विद्येचा आधार घेऊन गुलामांबद्दल लोक सांगायचे की यांची कवटीच चाकरीसाठी घडली आहे. बायकांबद्दलही असंच काहीबाही. पुढे डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कवटीवरच्या उंचवट्याचा आतल्या मेंदूशी काही संबंध निघाला नाही. "आम्ही हे इथे ठेवतो ते हसायला, आणि थोडी लाज वाटावी म्हणून," असं ते म्हणाले.

जत्रेपुरते ते पोरांची डोकी गमतीनं वाचत होते. उर्वी रांगेत जाऊन उभी राहिली. सुनेत्रानं माझा दंड धरला. मला वाटलं, हिला घेऊन बाहेर पडावं. पण पोरीनं स्वतःहून पाऊल उचललं होतं.

वॉल्टर आजोबांनी चिमटा लावला, डोळे मोठे केले. "ओ माय! धिस यंग लेडी विल बी अ जनरल!" सगळे हसले. उर्वी हसली नाही. तिनं त्यांच्या हातातला चिमटा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माय टर्न."

नाना, परक्या माणसाशी. इतक्या लोकांसमोर.

ते शहाणे गृहस्थ. मुकाट्यानं स्टुलावर बसले आणि टक्कल पुढे केलं. उर्वीनं दोन्ही तळवे त्यावर ठेवले. सुनेत्रा तिला तेल लावते ना, अगदी तसे. आणि वाचायला लागली.

"हिअर यू आर हंग्री."

"व्हेरी ट्रू," ते म्हणाले.

"हिअर यू आर स्लीपी. हिअर... हिअर इज मॅथ. नॉट मच."

आता आख्खं म्युझियम हसत होतं. ती मात्र डॉक्टरसारखी गंभीर. मग तिचा हात मागे गेला, मानेच्या वर. तुम्ही म्हणता ना मायेचं घर, नेमका तिथे. तिथे ती थांबली.

"हिअर इज समबडी."

"हू?"

"आय डोन्ट नो. यू टेल."

ते म्हणाले, "माय वाइफ. हर नेम वॉज रूथ." उर्वीनं तिथे दोनदा थोपटलं, मान डोलावली आणि रांगेकडे बघून म्हणाली, "नेक्स्ट."

आणि रांग लागली, नाना! मोठी माणसं टोप्या काढून स्टुलावर बसत होती. एका धिप्पाड शेतकऱ्याच्या डोक्यात तिला ट्रॅक्टर सापडला. एका आजींच्या डोक्यात गाणं सापडलं, आणि त्यांनी ते तिथल्या तिथे म्हणून दाखवलं. वॉल्टर आजोबा बाजूला उभे राहून लोकांना रांगेत उभं करत होते. सुनेत्रा हातात रसाचा पेला धरून रडत होती, आणि विचारलं तर म्हणत होती, "रस गरम आहे."

प्रत्येकाच्या डोक्याच्या मागे तिला कुणीतरी सापडायचं. कोण, ते ती सांगायची नाही. त्या माणसानं सांगायचं.

हीच ती, नाना, कुणाला जीव न लावणारी.

विशू


डब्लिन
२ नोव्हेंबर

ती. नाना,

दिवाळी झाली. प्रसादनं तुमच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. एकच ओळ: "पुस्तक खोटं असतं तर तू आज तिथे असतास का?"

खरं सांगतो, या प्रश्नाला मी भीत होतो. तुम्ही तो विचाराल हे माहीत होतं. आठवडाभर रोज पूजेला बसल्यावर तोच समोर यायचा. आता उत्तर देतो.

असतो. कारण अंगठा टेकवून तुम्ही थांबला नाहीत. शाळा सुटली की मला थांबवून घ्यायचात. पाटीवर गणित घालून स्वतः शेजारी भाकरी खात बसायचात. उत्तर चुकलं की म्हणायचात, "विशू, चुकणं शक्य नाही, तुझ्या डोक्यात आहे ते, परत बघ." मी परत बघायचो. तुमचा भरवसा मोडायचा नाही म्हणून बघायचो. असं वर्षानुवर्षं कुणी शेजारी बसलं तर दगडालाही पाढे येतील. पुस्तकानं तुम्हाला एवढंच सांगितलं की कुणाशेजारी बसायचं. बाकीचं सगळं तुम्ही केलंत. ते श्रेय तुम्ही त्या फाटक्या पुस्तकाला देता याचं मला वाईट वाटतं. ते तुमचं आहे.

बाकीच्या पोरांच्या शेजारी तुम्ही बसला नाहीत. म्हणून ती मागे राहिली, आणि ती मागे राहिली म्हणून पुस्तक खरं ठरलं.

उर्वीच्या शेजारी सुनेत्रा बसली. शब्द नव्हता तेव्हाही दीड वर्ष रोज तिच्याशी बोलत राहिली, भिंतीशी बोलावं तसं. आम्हाला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं की उत्तर येईल. एक दिवस सुनेत्रा कणिक मळत होती आणि मागून आवाज आला, "आई, मीठ." खरंच मीठ घालायचं राहिलं होतं.

यात्रेची तिकिटं अजून काढलेली नाहीत. तुम्ही हात धरणार नसाल तर मी तिला मंदिराच्या दारातून परत आणणार नाही. मग मीच तिला देवीपुढे नेईन आणि मीच नाव सांगेन. मी थोरला नाही, पण देवी ऐकून घेईल असं मला वाटतं. तुमच्याशी असं बोलायची ही माझी पहिलीच वेळ. पाया पडून बोलतो आहे, पण बोलतो आहे.

विशू


डब्लिन
२३ नोव्हेंबर

ती. नाना,

आज सकाळी प्रसादचा व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर तुम्ही दिसलात. चार वर्षांत तुम्ही वाळला आहात. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. थेट म्हणालात, "कुठाय ती डोकं वाचणारी?"

फोन तुमच्या हातून बंद पडला, म्हणून नंतर इकडे काय काय झालं ते तुम्हाला दिसलं नसेल. सगळं पुन्हा लिहितो. मला हे लिहून ठेवायचंच आहे.

उर्वी पोहे खात होती. तुम्हाला बघून तिनं मला विचारलं, "हे नाना? मोठेवाले?" मी हो म्हटलं. मला वाटलं, आता ओठ मिटणार. तिनं चमचा खाली ठेवला आणि तुम्हाला म्हणाली, "टोपी काढा."

प्रसाद मागून ओरडला, "अगं बाई! आमदार आले होते तेव्हा नाही काढली त्यांनी!"

तुम्ही काढलीत. टोपी मांडीवर ठेवलीत आणि मान खाली घातलीत. तुमचं उघडं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं, नाना. केस पिकून विरळ झालेले, मधे टोपीचा वळ. आपल्या घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर तुमचा हात फिरला, तुमच्या डोक्यावर कुणाचा फिरल्याचं मला आठवत नाही.

"वाच," तुम्ही म्हणालात. आवाज शाळेतलाच.

तिनं पडद्यावर तळवा टेकवला. इकडून टेकवला, तिकडून टेकवला. मग माझ्याकडे बघून मान हलवली.

"नाही येत."

"का येत नाही?" तुम्ही विचारलंत.

"फोटोत नाही कळत, नाना. हात लावावा लागतो."

इथे सुनेत्रानं गॅस बंद केला. तिकडे प्रसादचं हसू थांबलं. तुम्ही मान वर केली नाहीत. मी तेवढा वेळ देवाचं नाव घ्यायलासुद्धा विसरलो. मग तुम्ही वर पाहिलंत. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

"विशू, पोरगी बरोबर बोलते." आणि मग, "घेऊन ये तिला. हात मी धरतो." आणि अंगठा कुठेतरी लागून फोन बंद.

आता पुढचं. मी तसाच उभा राहिलो. सुनेत्रानं पोह्यांची कढई तशीच ठेवून लॅपटॉप उघडला, आणि मी अंगात सदरा घालेपर्यंत तिकिटं निघालीसुद्धा. म्हणाली, "नाना पुन्हा विचार करतील, त्याआधी." मी म्हटलं, ते नाही करणार. ती म्हणाली, "तू नको सांगू, तू चार वर्षं पुटपुटत बसला होतास." मग ती मोठ्यानं हसली. तुमचं नाव निघाल्यावर ती इतक्या वर्षांत हसली नव्हती. सुमित्राकाकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "शाब्बास! काकांना सांग, नागपूरची एक डॉक्टरीण पाया पडते म्हणून."

मी देवापुढे जाऊन बसलो. काही मागायचं उरलं नव्हतं. नुसता बसलो.

यात्रेच्या आधी दोन दिवस पोचतो. भंडारा तुम्ही लावा, नाव तुम्ही सांगा: उर्वी, आणि पुढे माझं नाव आणि आपलं आडनाव, सगळं पूर्ण. देवीला मोठ्यानं सांगा, मंडपातल्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे. वर्गात सांगायचात तसं.

एकच अट आहे, आणि ती माझी नाही, तिची आहे. आल्या आल्या तिला तुमचं डोकं वाचायचं आहे, टोपी काढून. तेव्हा ओट्यावर सावलीत पाट टाकून ठेवा आणि पाठ ताठ ठेवून बसायची सवय करा. ती घाई करत नाही, आणि तिचा हात जरा जड आहे.

तुमचा
विशू